माझ्यावरचा ‘बंद’

मी एक जुना पांढरा फळा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात, मोडक्या खुर्च्यांमागे भिंतीला टेकून उभा असतो. मित्रांनो, एके काळी माझ्यासमोर माणसं हातातली कॉफी गार होईपर्यंत उभी राहायची, हे आज कुणाला खरं वाटणार नाही.

लिओना हचिन्स या प्राध्यापकबाईंनी मला आपल्या खोलीत लावलं. त्या आणि त्यांचा सहकारी रसेल इंटरनेटवरच्या निवडणुकीच्या अफवा शोधत. अफवा कुठून निघाली, किती लांब गेली, खरी की खोटी, सगळं माझ्यावर लिहीत. तपास संपला की पुढे एकच शब्द येई : बंद.

एका मतदानाच्या सकाळी ‘अग्निशमन केंद्रातलं मतदान रद्द’ अशी अफवा उठली. बाईंनी अकराच्या आत तिचा छडा लावला, अधिकाऱ्यांना कळवलं आणि लोक पुन्हा रांगेत आले. दुसऱ्या दिवशी निवडणूक कचेरीतून आभार म्हणून डोनटचा खोका आला. रसेलने माझा फोटो विद्यापीठाच्या पत्रिकेत छापला. मी तर हुरळूनच गेलो.

तोच फोटो नडला. दोन वर्षांनी विधिमंडळाच्या एका समितीने त्यातल्या ‘बंद’वर बोट ठेवून तो बाईंपुढे धरला. त्या सुनावणीचं चित्रीकरण रसेल माझ्यासमोरच पुन्हा पुन्हा लावायचा.

“किती जणांची तोंडं बंद केलीत, मॅडम?”

“तोंड कुणाचंच नाही, साहेब. आमचा तपास बंद, एवढाच अर्थ.”

“मग तसं लिहायला हात दुखत होते?”

मग बाईंची सगळी पत्रं मागवली गेली, घरी धमक्या येऊ लागल्या. रसेल नोकरी सोडून गेला. विद्यापीठानेही हात झटकले. शेवटच्या दिवशी बाईंनी मला स्वतःच्या बाहीने पुसलं, कारण डस्टरही कुणी उचलून नेला होता. फार वाईट वाटलं मला. ‘तपास’ हा एक शब्द लिहायला माझ्यावर जागा भरपूर होती.

आज पुन्हा मतदान आहे. मघाशी तळघर झाडणारा ओडेल फोनवर बायकोला सांगत होता, “मी नाही जात. अग्निशमन केंद्रातलं रद्द झालंय म्हणे.”

तीच अफवा, शब्दसुद्धा तेच. ती खोटी आहे हे मला ठाऊक आहे, पण मला तोंड नाही. मित्रांनो, खरं-खोटं निवडून देणाऱ्या माणसांना जपा. आणि रात्री आठपर्यंत मतदान चालू आहे, तेवढं कुणीतरी ओडेलला सांगा.