पाटलाच्या पोराआधी

आमच्या धामणटेकच्या मदरशात कुनीच पास हुत न्हवतं, आन तरी बी आख्ख्या तालुक्यात आमच्या मदरशाचं नाव लई मोठं व्हतं. हसू नगा. निजाम सरकारचं राज व्हतं ते, सरकारी शाळंला मदरसा म्हनायचे. हैदराबादेला पोरांची संख्या कळायची, पोरांची अक्कल कळायची न्हाई. आन संख्या म्हनाल तर आमच्याकडं पोरं मावत न्हवती. मावतील कशी? जुनी पोरं पास हून भाईर जाईनात, आन दरसाली नवी आत यायची. वरच्या वर्गात मिशा फुटलेले गडी मांडी घालून बसायचे. एकाला तर लेकरू झालतं, ते सांजच्याला बापाला न्यायला यायचं.

पोरं ढ व्हती म्हनून नापास व्हायची असं मातर कुनी म्हनू नगा, माझं डोस्कं फिरतं. समद्यांना समदं यायचं. पन बोलायचं कुनी न्हाई.

झालं असं. दर उन्हाळ्यात बीडाहून नाझिर साहेब घोड्यावर यायचे. नाझिर म्हंजी मदरसे तपासनारा सरकारचा मानूस. वरच्या वर्गाची तोंडी परीक्षा घ्यायचा, आन ती बी समद्या गावासमोर. पहिल्या जागंवर अर्जुनराव पाटलाचा बंकट बसलेला. पाटलाचं पोरगं, मंग पहिलं न्हाई तर कुठं बसंल? पहिल्याच साली साहेबानं त्याला इचारलं, राजधानी कोनती. बंकट वर बघतोय, आढ्याकडं बघतोय, आडात न्हाई ते पव्हऱ्यात कुठून यील! मंग साहेबानं शेजारच्याला इचारलं. ते म्हाळूचं पोरगं. ते येडं पटकन म्हनलं, "हैदराबाद."

त्याच सांजच्याला पाटलानं चावडीवर म्हाळूला बोलावलं आन एवढंच म्हनला, "म्हाळू, पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुनाचा जातो रे?"

"तुमचा, मालक."

"मंग?"

झालं. एवढ्यावर समद्या गावाला कळलं. पोळ्याला पाटलाचा मानाचा बैल वेशीतून गेल्याबिगर दुसऱ्याचा बैल गावात पाऊल टाकीत न्हाई, मंग तो मानाचा बैल लंगडा असू द्या न्हाईतर वेशीतच फतकल मारून बसू द्या. मागं समदी ताटकळत हुबी. तसंच मदरशाचं झालं. बंकट बोलल्याबिगर कुनी बोलायचं न्हाई. साहेबानं काई बी इचारू द्या, बंकटचं झालं की पुढचा हात जोडून म्हनायचा, "न्हाई येत, हुजूर." त्याच्या पुढचा बी तेच. ओळीनं समदे.

नाझिर साहेब परमुलखातले, त्यांना काय कळतंय. त्यांनी शेऱ्यात लिवलं म्हनं, की इथल्या पोरांची शिस्त वाखाणन्यासारखी हाय, अभ्यास वाढवावा. राधाकिशन मास्तर बिचारा औरंगाबादेकडचा, भला मानूस, पन कना म्हनून न्हाई त्याला. पाटलाच्या वाड्यातून त्याला दानागोटा यायचा. तो बी गप.

आता आमचं सांगते. मी छबुबाई, धनगराची. आमची मेंढरं, आन गावाच्या वरल्या डोंगरात आमची पालं. मालकाचं नाव काई मी घेनार न्हाई, इचारू बी नगा. पन माझ्या सासऱ्याला रामायणाचं लई येड. मालकाला त्यांनी वानराच्या राजाचं नाव ठिवलं आन माझ्या लेकाला बिभीषण. घरात आख्खं रामायण भरलेलं, राम तेवढा न्हाई.

माझा बिभीषण म्हंजी, आता मी आई हाय म्हनून न्हाई सांगत, पन लई तल्लख. उर्दू तर अशी बोलायचा की वाटावं कुना नवाबाचं हरवलेलं पोर हाय. मेंढरामागच्या कुत्र्याला म्हनायचा, "तशरीफ रखिए." आन ते कुत्रं बसायचं की हो! पाढे म्हना, नद्या म्हना, समदं तोंडपाठ. पन बसायचा बंकटच्या शेजारी. म्हाळूच्या पोरानं ती जागा सोडली तवापासून तिथं बसायला कुनी धजंना, म्हनून ती माझ्या पोराच्या नशिबी आली. साल झालं, दुसरं साल झालं, पोरगं तिथंच. "न्हाई येत, हुजूर."

त्या साली माझा भाऊ रामकिसन बीडाहून आला. तो तिथल्या कचेरीत शिपाई. म्हनला, "आक्का, बीडाच्या मोठ्या मदरशातल्या हेडमास्तराशी मी बोललोय. बिभीषणाला घेत्यात. ऱ्हायची सोय माझ्याकडं. पन इथला वर्ग यंदा पास पाहिजे. फुडल्या साली त्याचं वय बसत न्हाई, मंग कवाच न्हाई."

आमच्या सात पिढ्यांत कुनी छपराखाली बसून खाल्लं न्हाई, समदी उन्हातान्हात मेली. आन माझं लेकरू बीडात, सावलीला, पुस्तक घिऊन! मी मालकाला म्हनलं, यंदा काई बी हू द्या, पोरगं पास झालंच पाहिजे. मालक म्हनले, "बंकट बोलला पाहिजे ना पहिलं." म्हनलं, "त्याला मी बोलवते."

कसं? तर माझा इचार सरळ व्हता. बंकटला अवघड इचारलं तर तो बोलनार न्हाई. मंग सोपं इचारा ना! एकदा का त्याच्या तोंडातून खरं उत्तर भाईर पडलं, की मानाचा बैल वेशीतून गेला. मंग मागच्यांना कोन अडवतंय?

परीक्षंच्या दिशी सकाळी नाझिर साहेब चावडीत उतरले व्हते. मी तांब्याभर शेळीचं दूध घिऊन गेले. शिपाई अडवाय लागला, त्याला म्हनलं, "सरक बे, साहेबाचं दूध हाय." आत जाऊन पदर सावरला आन साहेबाला समदं सांगितलं. पोळ्याचं, बंकटचं, माझ्या बिभीषणाचं. मराठी त्यांना कळत व्हतं, बोलायला तेवढं अडायचं. आधी ते हसले. मंग हसायचे थांबले. दाढीवरून हात फिरवत म्हनले, "बाई, ये तो अजीब बात है. तो इस पाटील के लडके को क्या आता है?"

म्हनलं, "साहेब, त्याला काई बी येत न्हाई. पन निदान सोताचं नाव तर येत असंल!"

साहेब म्हनले, "ठीक है. नाम ही पूछेंगे."

मी भाईर आले ती नाचतच. वाटेत नारायणगडाकडं हात जोडून नारळ बी बोलले.

मदरसा वेशीजवळच्या धर्मशाळेत भरायचा. पुरुष मानसं वट्यावर, आमी बाया भिताडाआड हुब्या. पाटील मिशीवर ताव देत पुढं बसलेला, लई खुशीत दिसत व्हता. मला वाटलं, असू दे बाबा, तुझ्या पोराचा मान ऱ्हाऊ दे, माझं पोर तेवढं सुटू दे.

साहेब बसले. बंकट हुबा ऱ्हायला. साहेबानं माझ्याकडं जरा बघितल्यासारखं केलं आन गोड आवाजात इचारलं, "बेटा, तुम्हारा नाम क्या है?"

बंकटनं छाती फुगवली आन खणखणीत बोलला, "हैदराबाद, हुजूर!"

साहेबाला वाटलं पोरानं ऐकलं न्हाई नीट. पुन्यांदा इचारलं, "नाम, बेटा. नाम?"

"गोदावरी, हुजूर!"

साहेब कपाळावरचा घाम पुसायला लागले. "अरे भाई, तुम्हें घर में क्या कहकर बुलाते हैं?"

"अठ्ठेचाळीस!"

राधाकिशन मास्तराचं तोंड बघवत न्हवतं. मागून कळलं ते असं. नाझिर साहेब दरसाली तेच तीन सवाल त्याच ओळीनं इचारायचे. राजधानी कोनती, मोठी नदी कोनती, बारा चोक किती. पाटलानं यंदा मास्तराला धरलं, आन मास्तरानं बंकटकडून तीन उत्तरं ओळीनं घोकून घेतली. चांगली दोन म्हैने घोकली म्हनं. सवाल काई का असंना, पहिल्याला हैदराबाद, दुसऱ्याला गोदावरी, तिसऱ्याला अठ्ठेचाळीस. म्हंजी साहेबानं त्यांचं नेहमीचं इचारलं असतं, तर बंकट पास, माझा बिभीषण पास, समदा वर्ग पास! लोक अजून म्हनत्यात, छबीनं नाक खुपसलं म्हनून गावाचं वाटोळं झालं. म्हनोत मेले! सोताचं नाव सांगता येत न्हाई असं पोरगं पाटलाच्या पोटी निपजलं, त्यात माझी काय चूक? देव देतो आन कर्म नेतं, दुसरं काय.

साहेब आता चिडले व्हते. ते बिभीषणाकडं वळले. साहेबानं मुद्दाम तोच सवाल केला. "तुम बताओ. तुम्हारा नाम क्या है?"

बिभीषण हुबा ऱ्हायला. त्यानं बंकटकडं बघितलं, मंग पाटलाकडं. पाटील रोखून बघत व्हता. माझ्या लेकानं हात जोडले आन साफ, नवाबी उर्दूत म्हनला, "मालूम नहीं, हुजूर."

माझा ताबा सुटला. मी भिताडाआडून सरळ आत घुसले. बाईमानूस मदरशात कवा गेलं न्हवतं. म्हनलं, "बिभीषण! बिभीषण सुग्रीव नाव हाय त्याचं! माझं लेकरू हाय! त्याला समदं येतंय साहेब, काई बी इचारा!"

मागं बाया किंचाळल्या, "अगं माय, नवऱ्याचं नाव घेतलं हिनं!" घेतलं. जन्मात पहिल्यांदा घेतलं, आन भरल्या सभंत घेतलं. मालक वट्यावर मान खाली घालून बसले व्हते.

साहेबानं हात वर करून समद्यांना गप केलं. लई मायेनं पोराला म्हनले, "बेटा, डरो मत. माँ ने तो बता दिया. अब तुम अपने मुँह से कह दो. बस इतना ही. मैं पास कर दूँगा."

एवढं सोपं सरकारनं कुनाला केलं नसंल. नुसतं सोताचं नाव. माझे डोळे त्याच्या ओठांवर व्हते. ओठ हालले बी.

"मालूम नहीं, हुजूर."

साहेब उठले. त्याच्यामागं मंग कुनाला इचारायचं ऱ्हायलंच न्हाई. पाटील जागंवरून उठून आला, आपल्या खांद्यावरचं जरीचं उपरणं काढलं आन माझ्या पोराच्या खांद्यावर टाकलं. म्हनला, "अदब शिकावी तर या पोराकडून." लोकांनी माना डोलावल्या. चार बाया मला म्हनल्या, छबे, पोरानं तुझं नाव काढलं.

पालावर आल्यावर मी ते उपरणं वढून काढलं आन त्याच्या अंगावर धावून गेले. "कावून न्हाई बोललास रं? जीभ झडलती? बीड हातातोंडाशी आलतं! मी जनाची लाज सोडली आन तुला सोताचं नाव घेता येईना? पाटलाची एवढी कसली अदब?"

ते कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत व्हतं. डोळे भरलेले. मंग म्हनलं, "माय, मी बीडाला गेलो असतो. पन आपली मेंढरं उद्या कुनाच्या रानात बसली असती?"

तवा माझी नजर खाली गेली. पाल पाटलाच्या पडीक रानात. मेंढरं पाटलाच्या रानात. पान्याची हीर पाटलाची. एवढंसं पोर, त्याला ते परीक्षेत हुबं ऱ्हाऊन आठवलं, आन मला तांब्या घिऊन पळताना आठवलं न्हाई. मालक कोकरू कुरवाळत बसले व्हते. मी पोराला जवळ घेतलं आन पोटभर रडले. दुसरं काय करनार व्हते?

पुढं दोन म्हैन्यांनी हैदराबादेहून हुकूम आला. धामणटेकच्या मदरशात पोरांची संख्या समद्या तालुक्यात जास्त, म्हनून दुसरा मास्तर मंजूर. गावात साखर वाटली. त्याच दिशी पाटील सोता घोड्यावरून आमच्या पालाकडं आला, खाली उतरला न्हाई.

म्हनला, "छबू, बिभीषणाला मेंढरामागं धाडू नकोस. एक बी पोरगं कमी झालं तर दुसरा मास्तर परत न्हेतील. यंदा बी बसव त्याला वर्गात, बंकटच्या शेजारी."

माझ्या जिभेवर लई आलतं. समद्या गावाला ठावं हाय, मी कुनाचं उधार ठिवत न्हाई. मेंढरं घोड्याच्या आजूबाजूला चरत व्हती, त्याच्याच रानात.

मी पदर पुढं वढला आन म्हनलं, "बसविते की, मालक."