दोन महिन्यांचा खांदा

साक्ष अशी होती:

शिंपीणताईंचा उजवा खांदा वर्षभर जाम होता. केस विंचरता येईनात, कात्री धरवेना. एका रविवारी पाळकांनी खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सगळ्या मंडळीदेखत तो हात वर गेला. सरळ, छताकडे. आमेन.

साक्षीत नव्हतं ते:

दोन महिन्यांनी दुखणं परत आलं. घरचंच माणूस असल्यासारखं, कडी न वाजवता.

सांगणार कुणाला? हात वर गेला त्या दिवसापासून तो तिच्या एकटीचा उरला नव्हता. चर्चचे पडदे धुवायचेत? ताईंना सांगा, देवानं हात दिलाय. बाकं सरकवायचीत? ताई आहेत की. आजाऱ्यांना सूप पोचवायचं, तेही जड पातेल्यातून, ताईंच्याच हातून. आजारी माणसाला निदान पडून राहता येतं. बऱ्या झालेल्याला ती सोय नाही.

"सांगून टाक एकदाचं," रोज रात्री मलम चोळताना नवरा म्हणायचा.

"सांगते."

"कधी? हात गळून पडल्यावर?"

"तेव्हा सांगावं लागणार नाही. दिसेलच."

साक्ष, पुन्हा:

आता ती घरोघर फिरत होती. पाळक पुढे, ताई मागे. बेतून बेतून साक्ष अंगाला इतकी नीट बसली होती, की कुठं थांबायचं, कुठं डोळे पुसायचे, ठरलेलं. शेवटी पाळक म्हणायचे, "दाखवा ताई." ताई दात आवळून हात वर न्यायची. हात छताकडे जाताना उठणारी कळ तेवढी तिची तिला माहीत.

त्या दुपारी कंडक्टरभाऊंकडे जायचं होतं. बसमध्ये जन्म गेलेला माणूस. झटका आला आणि डावी बाजू गेली. पाळक खुर्ची ओढून बसले. ताई पाणी घ्यायला आत गेली, तर वहिनीनं ओट्यापाशी तिचं मनगट धरलं.

"ताई, एक विचारू? तुम्ही गोळ्या कधी बंद केल्यात?"

"कसल्या गोळ्या?"

"यांनी प्रेशरच्या बंद केल्यात. आठवडा झाला. म्हणतात, ताईंनी विश्वास ठेवला म्हणून हात वर गेला. मी इकडे गोळ्या गिळत बसलो तर देवाला काय वाटेल? डॉक्टर म्हणाले होते, चुकवू नका, दुसरा झटका आला तर..." वहिनीनं वाक्य तिथंच सोडलं. "तुमचं ऐकतील ते."

ताई पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली.

"या, या," भाऊ उशीवरून म्हणाले. बोलताना तोंडाचा एक कोपरा मागे राहायचा. "पुढची सीट रिकामी आहे. बसा, आणि सांगा परत. ऐकून बरं वाटतं."

साक्ष, तिसऱ्या वाक्यापर्यंत:

"उजवा खांदा वर्षभर जाम होता. केस विंचरता येईनात. कात्री..."

ती थांबली. थांबायची जागा ही नव्हती. पाळकांना वाटलं, ताईंना भरून आलं. "दाखवा ताई," ते हळूच म्हणाले.

तिनं हात वर केला नाही. पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, एक फोडली आणि सगळ्यांदेखत पाण्याबरोबर घेतली.

"हे काय?" भाऊ म्हणाले.

"दुखण्याची गोळी. रोज घेते."



"म्हणजे ते खोटं होतं?"

"नाही भाऊ. दोन महिने खरं होतं. तेव्हा मी रात्रभर शांत झोपले. देवानं दिले ते दोन महिने, त्यांना मी नाही म्हणणार नाही. पण पुढचं सांगायचं राहिलं."

पाळकांचा चेहरा उतरला. तेही दमलेलेच होते; सकाळपासूनचं हे चौथं घर. "ताई, मला तरी सांगायचंत."

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही बाकं उचलायला सांगितलीत."

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

भाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं होतं, माझाच विश्वास कमी पडतोय."

"मलाही तसंच वाटायचं," ताई म्हणाली.

"मग आता काय? गोळी की प्रार्थना?"

"दोन्ही," पाळक म्हणाले. हे मात्र त्यांनी लगेच म्हटलं.

वहिनी प्रेशरच्या गोळ्यांची पट्टी घेऊन दारातच उभी होती.

"आण," भाऊ म्हणाले. "आधी गोळी. यांची प्रार्थना लांबते."

त्यांनी ती ताईच्याच उरलेल्या पाण्याबरोबर घेतली. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं, ते वहिनीनं पदरानं टिपलं. मग पाळक उठले. एक हात भाऊंच्या कपाळावर ठेवला आणि दुसरा, सवयीनं, ताईच्या उजव्या खांद्यावर.

"हळू," ती म्हणाली. "दुखतंय."

पाळकांनी हात हलका केला, आणि प्रार्थना सुरू झाली.