बागेला कुलूप नव्हतं

"वादळात झाडं पडलीत, बाग बंद केलीय. तू गच्चीवरच चाल," असं नवऱ्यानं सांगितलं, तेव्हा माझा गुडघा नुकताच धरला होता. मी विश्वास ठेवला. घाण्याच्या बैलासारखी पाण्याच्या टाकीभोवती फिरत राहिले. तो मात्र रोज सकाळी बाहेर पडायचा. रस्त्यानंच चालतो म्हणायचा आणि बुटांना बागेतली लाल माती लावून यायचा. ती माती मीच पुसायचे, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आज त्याचा चष्मा घरी राहिला, म्हणून लंगडत मागोमाग गेले. बागेचं फाटक सताड उघडं होतं.

"बाग कधी उघडली, दादा?" मी पहारेकऱ्याला विचारलं.

"बंद कधी होती, मावशी?"

आत मोठ्या झाडाखालच्या बाकांवर त्याचे मित्र बसले होते. त्यांच्यासमोर माझा नवरा गुडघा धरून, तोंड वेडंवाकडं करून चालत होता. "अहो, जरा हळू चाला ना!" त्यानं माझा आवाज हुबेहूब काढला. मित्र पोट धरून हसत होते. घरी या माणसाच्या तोंडून दोन शब्द काढायला पक्कड लागते.

एकाला मी दिसले. "वहिनी, तुम्ही? या, बसा ना."

मी ऐसपैस बसले. चष्मा मांडीवर ठेवला.

"थांबलात का? होऊ द्या," मी नवऱ्याला म्हटलं. "आता तुमचीही नक्कल करा. बाग बंद आहे, हे मला कोणत्या तोंडानं सांगितलंत, तेवढं दाखवा यांना."

कोणी हसलं नाही. तो मान खाली घालून बुटांकडे बघत राहिला. मीच पुसलेले होते ते.