एकोणीस नंबरची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. डीव्हीडी म्हणा, सीडी म्हणा, मला दोन्ही चालते. तुमच्या घरात माझ्या बहिणी असल्याच, तर कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यात धूळ खात पडल्या असतील. माझी पाठ एके काळी इतकी चकचकीत होती की माणसे तिच्यात तोंड पाहून केस सारखे करायची. आज तिच्यावर गोल गोल ओरखडे आहेत. ते कोणी काढले आणि तरीही मी त्या बाईवर का रागावले नाही, तेवढे तुम्हाला सांगायचे आहे.

एका दांडीवर ओवलेल्या आम्ही पन्नास जणी परभणीला आलो. तिथल्या एका कॉलेजच्या संगणक कक्षात हरिओम नावाचा तरुण कामाला होता. त्याने आम्हाला विकत घेतले. आम्ही सगळ्या कोऱ्या होतो, आणि कोरे असणे फार कंटाळवाणे असते. माझ्या काही मैत्रिणींवर सिनेमे गेले, एकीवर कोणाच्या तरी बारशाचे फोटो गेले. आपल्यावर गाणी यावीत असे मला वाटे. माझ्या नशिबी रसायनशास्त्र आले.

झाले असे, की हरिओमची धाकटी बहीण सविता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिचे लग्न झाले आणि रसायनशास्त्राचा एक पेपर राहून गेला. तिने तो दोनदा दिला, दोन्ही वेळा गेला. आता जुना अभ्यासक्रमच बंद होणार होता. येत्या हिवाळी परीक्षेत पेपर सुटला नाही, तर कॉलेजची सगळी वर्षे पाण्यात जाणार होती. सविताचे सासर येलदरी धरणाजवळच्या एका लहान गावात. तिथे शिकवणी नव्हती, आणि मोबाइलला रेंज हवी तर मेंढरांच्या मागे टेकडी चढावी लागे. दूरच्या एका मोठ्या कॉलेजातल्या सरांची व्याख्याने इंटरनेटवर फुकट मिळत होती. ती उतरवून घ्यायची, तबकड्यांवर घालायची आणि बहिणीला नेऊन द्यायची, असे हरिओमने ठरवले.

ठरवायला काय जाते? कॉलेजची लाइन अशी, की सकाळी सुरू केलेले व्याख्यान संध्याकाळपर्यंत येई, आणि मध्येच तुटले की पुन्हा पहिल्यापासून. एकोणिसावे व्याख्यान जवळजवळ पूर्ण आले होते. "काम चालू आहे, बंद करू नये" अशी चिठ्ठी संगणकावर लावून हरिओम चहाला गेला. तेवढ्यात शिपाई पंडितमामा आले आणि त्यांनी बटण बंद केले.

"मामा, चिठ्ठी लावली होती की," हरिओम कळवळून म्हणाला.

"वाचली म्या चिठ्ठी. पण पाचला बंद करा म्हून सायबाचा हुकूम हाय. तुझ्या चिठ्ठीवर सायबाची सही कुठंय?"

त्या एका व्याख्यानासाठी हरिओमचे आणखी चार दिवस गेले. मग एका दुपारी त्याने मला संगणकाच्या खणात ठेवले. मी गरगर फिरू लागले आणि तांबड्या उजेडाच्या टोकाने माझ्या पाठीवर गोंदण सुरू झाले. दुखले नाही, फक्त ऊब लागली. बाहेर आले तेव्हा मी कोरी राहिले नव्हते. हरिओमने माझ्या दुसऱ्या बाजूवर जाड पेनाने लिहिले, "१९. तीनदा बघ."

सविताच्या घरी टीव्ही होता आणि लग्नाची सीडी पाहण्यासाठी घेतलेला प्लेअर होता. ती लग्नाची सीडी पाकिटात माझ्या शेजारी असे. तिचा तोरा काही विचारू नका. पण तिला पाहुणे आले की काढत, मला रोज काढत. जवळच्या धरणावर वीज तयार व्हायची आणि आमच्या गावात मात्र ती वेळापत्रकाने यायची. आली की सविता हातातले काम टाकून मला लावायची. तिचे सासरे सटवाजी आणि नवरा महारुद्र मेंढरे घेऊन दिवसभर माळावर असत. घरात सविता आणि तिच्या सासूबाई तानुबाई, दोघीच. सासूबाईंना ती मामी म्हणे.

तानुबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि सर तर सगळे इंग्रजीत बोलायचे. तरी त्या रोज येऊन बसत. सर पडद्यावर आले की डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेत. दूध उतू जाईल म्हणून सविता मध्येच उठली, तर त्या टीव्हीला सांगत, "थांबा जरासक, ती यायलीय." सर काही थांबत नसत. माणूस शिकलेला असूनही एवढा उद्धट कसा, याचे तानुबाईंना नवल वाटे.

एक दिवस त्यांनी विचारले, "ह्ये सर सारखं सहा कोपऱ्यांचं घर काढायलेत. सांगायलेत काय?"

"मामी, त्या घरात माथ्याला एकजण आधीच बसलाय. आता नवा कुनी आला तर त्यानं कुठं बसायचं, ते सांगायलेत."

"मंग?"

"नवा आला की घरात गडबड हुती. ती अधिकाची फुली हाय ना, तीच गडबड. ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरती. माथ्यावरचा तिला सावरून घेतो. म्हून नवा त्याच्या समोर बसला तर घर टिकतं."

"नवी सून आल्यावानीच की मंग," तानुबाई म्हणाल्या.

सविताला सार कळले होते. पण परीक्षेत नुसते सार चालत नाही. फुली कधी कोणत्या कोपऱ्यावर येते, जोडरेघा, म्हणजे दुहेरी बंध, कुठून कुठे सरकतात, हे सगळे काढून दाखवावे लागते. तिथे ती दर वेळी अडखळायची. तिचे सगळे लक्ष सरांचे इंग्रजी पकडण्यात जाई, फळ्याकडे बघायचे राहून जाई. पुस्तकात तर तो भाग तीन ओळींत उरकला होता. आणि सविताची सवय अशी, की पूर्ण समजल्याशिवाय वहीत एक अक्षर लिहायचे नाही. माझ्यासाठी राखून ठेवलेली चार पाने कोरीच होती.

पेपरला पाच दिवस उरले आणि खंडेनवमी आली. सविता धुणे घेऊन नदीवर गेली होती. तानुबाईंनी हत्यारे धुऊन पाटावर मांडली.

"कातर तुमची, विळा माझा," त्या सटवाजींना म्हणाल्या. "मंग सविताचं हत्यार कोन्तं? ही तबकडीच की."

"ठिव की तिलाबी," सटवाजी म्हणाले.

तानुबाईंना आकडे वाचता येत नसले, तरी माझ्यावरच्या अक्षरांचे वळण ओळखीचे झाले होते. त्यांनी पाकिटातून नेमकी मलाच काढली. लिहिलेल्या अक्षरांवर कुंकू कसे लावावे, म्हणून मला उलटे करून चकचकीत बाजूला ओल्या बोटांनी हळदकुंकू लावले, वर अक्षता टाकल्या. खरे सांगते, मला फार आनंद झाला. लग्नाच्या सीडीला कोणी कधी पूजेत मांडले नव्हते. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, माझ्यावरचे वाळलेले डाग पाहून तानुबाईंनी नारळाची शेंडी घेतली, राख घेतली आणि पितळी तांब्या घासावा तसे मला मन लावून घासले.

संध्याकाळी वीज आली. सविताने मला लावले. सर आले, त्यांनी एक षट्कोन काढला आणि ते तिथेच थिजले. चित्राचे तुकडे तुकडे झाले. मी जिवाच्या आकांताने फिरत होते, पण माझ्याकडून पुढचा एक शब्द निघेना. सविताने मला बाहेर काढून उजेडात धरले.

"मामी, हिला काय केलं?"

"घासली. लख झाली का न्हाई?"

सविताचा चेहरा पाहून तानुबाईंना काय ते कळले. सविता टेकडीवर गेली, तिने हरिओमला फोन लावला. कॉलेजला रविवारपर्यंत सुट्टी, आणि पेपर सोमवारीच. आणि पुढच्या व्याख्यानांना जागा हवी म्हणून त्याने संगणकावरचे एकोणिसावे पुसून टाकले होते.

"तेवढं सोडून बाकीचं कर, सविता."

"त्याच्यावरच दोन प्रश्न असतेत, दादा."

घरी येऊन ती पुस्तक घेऊन आत बसली. सुनेने बोल लावला असता, तर तानुबाईंना सोपे गेले असते. त्या चुलीपाशी बसून राहिल्या आणि न जेवता झोपल्या.

सकाळी त्यांनी अंगणात सडा टाकला आणि रांगोळीचा डबा घेतला. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली, "सविता, भाईर ये."

अंगणात तीन षट्कोन होते, रेघ न् रेघ सरळ. प्रत्येकाच्या माथ्यावर एक ठिपका, खालच्या कोपऱ्यावर दुसरा, आणि आत जोडरेघा.

"पयल्या घरात फुली हितं, खाली उजव्या अंगाला," तानुबाई बोटाने दाखवू लागल्या. "दुसऱ्यात पार माथ्यावर. तितं आल्यावर सर खडूनं दोनदा ठोकायचे. तिसऱ्यात खाली डाव्या अंगाला. मला त्यांचं बोलनं कळंना, म्हून म्या निस्ता हात बघायचे."

सविता वही घेऊन उंबऱ्यावर बसली आणि उतरवू लागली. तिसऱ्या घराशी तिचा हात थांबला.

"मामी, ही जोडरेघ हितं न्हाई. फुली डावीकडं आली, तर तिनं रिकामी केलेल्या जागी रेघ यायला पायजे. माथ्याला."

"असंल. चुकले आसंन मी."

"तुमी चुकल्या म्हून तर मला कळलं," सविता म्हणाली, आणि वही मांडीवर तशीच ठेवून तिने सासूला मिठी मारली. दोघी रडल्या. सटवाजींनी त्या दिवशी मेंढरे मागच्या वाटेने काढली. कोरी चार पाने दुपारपर्यंत भरली.

सविताचा पेपर सुटला. आज ती जवळच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवते. तेच व्याख्यान आता तिच्या फोनवर क्षणात उघडते. मला कोणताही प्लेअर वाचू शकत नाही, पण खंडेनवमीला माझी जागा ठरलेली आहे, कातरीच्या शेजारी. तानुबाई आधी विचारतात, "कुंकू कोन्त्या अंगाला गं?" आणि मग अंगणात तीन षट्कोन काढतात. गल्लीतल्या बायकाही पाहून पाहून काढू लागल्या आहेत. त्या तिला सरांची रांगोळी म्हणतात.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या वस्तू जपा. पुसण्याआधी कशाने पुसायचे ते विचारून घ्या. पण कोणी मायेने चूक केलीच, तर त्या माणसाला उपाशी झोपू देऊ नका. सविता माझ्याबद्दल कधीच हळहळत नाही. त्या दिवशी आपण मामींना जेवायला उठवले नाही, एवढेच ती दर दसऱ्याला बोलून दाखवते, आणि पहिले ताट त्यांना वाढते.