यंत्राच्या खाचेतली लाल खूण

गोड बोलणारा माणूस मी कापडासारखा पारखते. आधी उजेडात धरायचा, मग उलटा करून शिवण बघायची. आमच्या धाकटीनं स्वतःच पसंत केलेला मुलगा घरी यायला लागला, तेव्हाही मी तेच केलं. सुलट बाजूनं पोरगा ठीक होता. उलट बाजू दिसेना, आणि गिऱ्हाईक जी बाजू दाखवत नाही तिथेच कापड विरलेलं असतं, हे शिवणकामात जन्म गेलेल्या बाईला कुणी शिकवायला नको.

त्याचं दुकान बसथांब्यामागे. जुने टीव्ही, रेडिओ, व्हिडिओ गेम असलं सगळं दुरुस्त करायचा. खिशाला कायम पेचकस लावलेला, म्हणून मी त्याचं नाव पेचकस ठेवलं. धाकटीला राग यायचा. येऊ दे.

आमच्याकडे टीव्हीला जोडायचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. करडा, जाडजूड, वर कॅसेट खोचायची खाच आणि तिला झाकण. ह्यांनी हौसेनं घेतलेला. दुपारी माझ्या शिवणाच्या दुकानाचं दार ओढून घेतलं की आम्ही दोघं मोटारींची शर्यत खेळायचो. हे कायम कठड्याला धडकायचे आणि रिमोटला शिव्या घालायचे. हे गेल्यापासून ते यंत्र मी दुसऱ्या कुणाला पुसूही दिलेलं नाही.

पेचकस पहिल्यांदा घरात आला तो आधी त्या यंत्राकडे बघून हसला, मग धाकटीकडे. मी पाहिलं.

"काकू, चालू आहे हे? असं यंत्र आता मिळत नाही."

"मिळत नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच सांभाळलंय," मी म्हटलं.

पुढच्या खेपेला स्वारी परदेशी कॅसेटी घेऊन हजर. त्याचा मामा बोटीवर असतो, तो आणतो म्हणे. कॅसेटीवरची अक्षरं अशी, की चिमणीनं शाईत पाय बुडवून नाच केलाय. धाकटी एवढी पदवीधर, तिलाही ओ की ठो कळेना. मला मात्र बरं वाटलं. या घरात पहिल्यांदाच सगळे माझ्या यत्तेत आले.

पण कॅसेट खाचेत जाईचना.

"ही तिकडच्या यंत्राची आहे," पेचकस म्हणाला. "आतून दोन्ही सारखीच असतात. फक्त तिकडचा माल इकडे चालू नये म्हणून कंपनीनं अडसर ठेवलाय. दुकानात नेतो, करून आणतो."

"इथेच कर की."

"याचे स्क्रू वेगळे असतात, काकू. त्यांचा पेचकस दुकानात आहे."

"बरोबर. खिशात आहे तो शोभेचा."

धाकटीनं डोळे वटारले म्हणून मी गप्प बसले. पण माझी नणंद शेजारच्या खुर्चीत शेंगा सोलत होती, तिनं हळूच कानात सोडलं, "वहिनी, आमच्या शेजारणीचा मिक्सर दुरुस्तीला गेला आणि परत आला तो भलताच. झाकण तेवढं तिचं!"

झालं. यंत्र पिशवीत भरण्याच्या मिषानं मी ते आत नेलं, धाकटीची लाल नेलपॉलिश काढली. बाहेरून खूण करण्याइतकी मी खुळी नाही, बाहेरची खूण चोर आधी पुसतो. खाचेचं झाकण दाबून आत बॅटरी मारली. तळाशी प्लॅस्टिकचे दोन बारके दात उभे होते. दोन्ही दातांना एकेक ठिपका लावला, फुंकर घालून वाळवला आणि यंत्र हवाली केलं. आता कळेल म्हटलं, पाणी कुठे मुरतंय ते.

यंत्र परत आलं. परदेशी कॅसेट अशी बसली, जशी काही याच घरात वाढलेली. पडद्यावर मोटारी धावल्या, धाकटीनं टाळ्या पिटल्या. मी तिला चहा टाकायला पिटाळलं, त्याला टीव्हीच्या मागची वायर नीट कर म्हटलं, कॅसेट उपसली आणि झाकण दाबून बॅटरी मारली.

लाल ठिपका नाही. ठिपका सोडा, दातच नाहीत! आमच्या यंत्राला दात होते. हे बोळकं कुणाचं?

"आमचं यंत्र कुठे आहे?" मी विचारलं.

पेचकस टीव्हीमागून वर आला. "हेच की, काकू."

"मला शेंडी लावू नकोस. मी खूण करून दिलं होतं."

धाकटी कप घेऊन दारातच थबकली. "आई! तू खूण केलीस? त्याच्यावर?"

"यंत्रावर केली. त्याच्यावर करता आली असती तर तीही केली असती."

"कुठे केली होती, ते तरी सांगा," तो म्हणाला.

"सांगते ना! म्हणजे उद्या तिथे रंग लावून आणशील."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं पायांत चपला सरकवल्या. धाकटीनं कप खाली ठेवला. "आई, आज हा असा गेला, तर त्याच्यामागे मीही जाईन. मग सांभाळ तुझं यंत्र."

ती नुसतं बोलणाऱ्यातली नाही. माझीच पोर आहे.

दारातून तो एवढंच म्हणाला, "पिशवीत पुडी आहे तुमची. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही आमच्या दुकानाची रीत आहे." आणि जिना उतरायला लागला. धाकटी पर्स शोधायला आत पळाली.

ती रीत तर माझी! या अख्ख्या बाजारात उरलेलं कातरण गिऱ्हाइकाला परत देणारी मी एकटी. मी पुडी उघडली. कापूर ठेवावा तसे आत प्लॅस्टिकचे दोन तुकडे. दोन्हींवर लाल ठिपका.

अडसर म्हणजे ते दात. आणि मी शहाणीनं खूण नेमकी त्यांच्यावरच केली होती. साप म्हणून भुई धोपटत बसले होते.

माफी मागायची आमच्या घराण्यात सवय नाही. मी गॅलरीत गेले. तो फाटकापर्यंत पोचला होता.

"अहो जावई!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली. "चहा निवतोय. आणि खेळायला दुसरा माणूस लागतो."

तो वळला. माझ्यामागे पर्स खाली पडल्याचा आवाज आला.

त्यानंतर दर रविवारी आम्ही ती परदेशी शर्यत खेळतो. पडद्यावर काय लिहून येतं ते त्याला कळत नाही आणि मलाही कळत नाही, पण पहिली मी येते. तो शेवटच्या वळणावर कठड्याला धडकतो आणि रिमोटला नावं ठेवतो. दर वेळी, त्याच वळणावर. मुद्दाम हरतोय, असा माझा दाट संशय आहे.

आणि खरं सांगायचं, तर आता ह्यांच्याबद्दलही तसाच संशय यायला लागलाय.