भांगाच्या दिवशीची पाहणी

खाडीच्या बांधाच्या पाहणीची तारीख ऑफिसात मीच ठरवली होती. बुधवारी सासूबाई घरी असतात, पाच महिन्यांच्या मुलीला त्या सांभाळतील, आणि दुपारी तीनपर्यंत मी रोह्याला परत. त्या बुधवारी अष्टमी आहे हे पाहायचं मला सुचलंच नाही. मी डोंगराकडच्या गावातली. आमच्याकडे अष्टमीला उपास असतो, खाडी नसते.

धरमतरच्या खाडीवर एक टेकडी आहे. वरून पाण्याचं रुंद वळण आणि पुढे समुद्राचा धुरकट निळा पट्टा दिसतो. अलिबागला जाणारे तिथे थांबून फोटो काढतात. माझ्या साहेबांनीही गॉगल लावून पोपट ड्रायव्हरकडून दोन काढून घेतले आणि मग खाली नजर टाकली.

"इथनं सगळं दिसतंय. बांध सलग आहे. लिहा, पाणी वरून जात असल्याचे आढळले नाही."

गावाचा अर्ज होता की बांधाचा मातीचा काठा एका जागी खचलाय आणि उधाणाचं खारं पाणी त्यावरून शेतात उतरतंय. 'आढळले' लिहिलं तर पौर्णिमेच्या उधाणाच्या आत सरकारी माती पडणार होती. नाहीतर पोटरीला आलेलं भात आठ दिवसांत जळणार होतं.

"आज कसं आढळंल?" अर्जावर पहिला अंगठा असलेली धोंडुबाई आमच्या मागोमाग टेकडी चढून आली होती. "अष्टमीला भांग असतो, भरती चढतच नाय. पानी तिवरांच्या खालीच र्‍हातंय. ही तारीख कुनी काढली?"

"ऑफिसनं, मावशी," साहेब म्हणाले.

"मी," मी म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

धोंडुबाईनेही पाहिलं, आणि तिची नजर माझ्या ओल्या झालेल्या पदरावर थांबली. दुधाची वेळ टळून गेली होती.

"घरी लहान हाय?"

"पाच महिन्यांची."

"म्हंजे तुझ्या पोरीच्या झोपेवर आमची भरती धरलीस."

मी पदर सारखा केला.

"खाली चल. शिकलीस ना? मंग पायानं बी बघ."

"मॅडम, चिखलात जायची गरज नाही," साहेब म्हणाले. मी चपला हातात घेतल्या.

चिखल गुडघ्यापर्यंत होता. धोंडुबाईचा मुलगा नाथा पुढे चालला होता. मी दोनदा घसरले, त्याने हात दिला नाही.

"आमच्या बाया रोज टोपली घेऊन जातात हितनं," तो म्हणाला.

काठा खचला होता तिथे सगळं कोरडं होतं. पण आतल्या बाजूला, भाताच्या रांगांमध्ये, तिवराच्या बियांची लांब रेघ पडली होती, शिंपल्यांसकट. त्या जागी भाताचे शेंडे पिवळे होते.

"चावून बघ," धोंडुबाई म्हणाली.

मी पान तोडून चघळलं. खारट होतं.

वरून जीपचा हॉर्न वाजत होता. टेकडी चढून मी बॉनेटवर फॉर्म ठेवला आणि 'आढळले' लिहिलं. खाली बियांचं, शिंपल्यांचं, पानाचं लिहिलं, आणि भांगाची तारीख मी अजाणता दिली हेही.

साहेबांनी वाचून पेन खिशात ठेवलं. "माझी सही नाही. तुमचा गोपनीय अहवाल कोण लिहितं, आठवतंय ना?"

"हा कागद कुनाच्या मेजावर जानार?" नाथाने विचारलं.

"माझ्याच," साहेब म्हणाले.

"मंग अजून एक लिव गो," धोंडुबाई मला म्हणाली. "शिक्क्याचा. आमच्या हातात."

"जीप आत्ता निघतेय," साहेब म्हणाले.

दुधानं माझी छाती दगडासारखी घट्ट झाली होती. घरी मुलगी आता मुठी चोखत असेल, मग ओठ काढेल, मग रडून रडून हुंदके देईल. पिशवीतून मी शिक्का मारलेला दुसरा फॉर्म काढला आणि दगडावर बसले. पोपटने आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि साहेबांना घेऊन निघून गेला.

नाथाने माझ्याकडून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतली. एका ठिकाणी 'अंदाजे' लिहिलं होतं, ते त्याने खोडायला लावलं. मग मायलेकरं कागद घेऊन पेणच्या रस्त्याला लागली, मोठ्या साहेबाकडे. आभार नाहीत, निरोप नाही.

मी चिखलाच्या पायांनी वडखळच्या फाट्याकडे चालू लागले. रोह्याच्या एस.टी.ला अजून तास होता.