गॅसची वाट पाहणारी पेटी

मित्रांनो, मी फार जुनी नाही, अवघी सहा वर्षांची आहे. तरीही तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात मी पडून आहे, आणि माझ्या डोक्यावर औषधांची रिकामी खोकी रचली आहेत. मी हायड्रोजनवर वीज बनवणारी पेटी आहे.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका नळीने हायड्रोजन घ्यायचा, हवेतला प्राणवायू ओढायचा आणि दोघांची गाठ घालून वीज द्यायची, एवढंच माझं काम. धूर नाही, धडधड नाही. मागच्या नळीतून नुसतं पाणी ठिबकतं. इथे वीज सारखी जाते, म्हणून लसींचा फ्रिज चालवायला मला दोन वर्षांच्या प्रयोगासाठी आणलं.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. केंद्रात झाडलोट करणाऱ्या भिकीला वाटलं, मी गळते आहे. तिने माझ्या नळीत फडक्याचा बोळा कोंबला. पाणी आतच तुंबलं, माझा जीव घुसमटला आणि मी बंद पडले.

"सिस्टर, गळती थांबवली बघा. आता थेंब नाय पडत!" भिकी ऐटीत म्हणाली.

नर्स योगिता कपाळाला हात लावून हसू लागली. "अगं भिकीबाय, ती गळती नाही, ते तिचं कामच आहे. थेंब पडला तर फ्रिज चालतो."

त्या दिवसापासून भिकी येता-जाता माझ्या नळीखाली बोट धरून बघायची. माझी एवढी विचारपूस कारखान्यातही कुणी केली नव्हती.

एकदा वादळात तीन दिवस वीज नव्हती, तेव्हाही मी फ्रिज गार ठेवला. साहेब लोक आले, फोटो निघाले. मी थोडी फुगलेही होते, खोटं कशाला बोलू?

पण माझं खाणं फार महाग. माणसाएवढ्या वजनाच्या सिलिंडरात जेमतेम अर्धा किलो गॅस मावतो, आणि तोही टेम्पोने लांबून आणायचा. शिवाय तो बनत होता जमिनीतून निघणाऱ्या वायूपासून. म्हणजे धूर इथे नव्हता, पण तिकडे होताच. पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, पण त्याला आधी भरपूर वीज लागते. ती उन्हाची असेल तरच माझा स्वच्छतेचा तोरा खरा. प्रयोग संपला, डिझेल स्वस्त पडतं असं ठरलं आणि टेम्पो यायचा थांबला. माझ्या जागी जनरेटर आला.

गेल्या मे महिन्यात सलग दोन दिवस वीज गेली आणि जनरेटरही बिघडला. पोलिओच्या कुप्यांवरचा पांढरा चौकोन काळा पडला. तो काळा पडला की लस वाया गेली असं समजायचं. योगिताने त्या कुप्या मोजून फ्रिजमधून बाजूला काढल्या.

दुपारी दक्षा आली. वरच्या पाड्यावरून बाळाला झोळीत घेऊन ती तीन तास चालली होती.

"सिस्टर, आज डोस हाय ना?"

"नाही गं. लस खराब झाली. पुढच्या बुधवारी येशील?"

"आजचीच मजुरी बुडवून आलू मी," दक्षा हळूच म्हणाली. मग तिने बाळाला पाजलं आणि उन्हातून परत निघाली.

मी सगळं बघत होते. मित्रांनो, माझ्यात काहीच बिघाड नव्हता. माझी एकही तार तुटलेली नव्हती, एकही खिळा सैल नव्हता. फक्त गॅस नव्हता. त्या दुपारी मला गॅसची जेवढी ओढ लागली, तेवढी कधीच लागली नव्हती.

आमच्या छपरावर ऊन रणरणतं. विहिरीला पाणी आहे. त्या उन्हाच्या विजेने त्या पाण्यातून इथेच, परवडेल असा हायड्रोजन काढायला तुम्ही शिका. तोवर मला भंगारात देऊ नका, आणि शिकायला फार वेळही लावू नका. तो बुधवार कधीच उलटून गेला. दक्षाचं बाळ अजून आलेलं नाही.